पाटणच्या धुक्यात चान्या

ती. चंद्राआत्तीस,

पाटणहून भाचा महेंद्र याचा जय भीम. आमी सगळी बरी हाय. मामांचा गुडघा कसा हाय? काळी शेळी व्याली का? तू आमच्या घरचा फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद-पेन काढावं लागलं. (एम.ए. झाल्यापास्नं हातानं लिहायची सवय गेलीय, अक्षर लावून वाच.)

आमची धाकटी भैन, प्रियदर्शनी, सीमा सुरक्षा दलात लागली. पुढच्या सोमवारी काश्मीरला निघतीया. तिनं लाडू न्हाई, चिवडा न्हाई, फक्त "आत्तीकडं असत्यात तसल्या वाळवलेल्या मटणाच्या चान्या पायजेत" एवढंच मागितलं. झालं, आईचं तोंड फिरलं. तुझ्या ऋषिराजच्या लग्नात आईनं तुझ्या चान्यांना खारट म्हटलं आणि तू त्या तिच्या ताटातनं उचलून मांजराला घातल्यास, तवापास्नं तुमचं दोघींचं बोलणं बंद. आई म्हणाली, "त्याला काय अक्कल लागतीया? मटण, मीठ आणि ऊन!" मग घरातला शिकलेला म्हणून मी पुढं झालो.

मटणाच्या हातभर लांब पट्ट्या कापल्या, मीठ-हळद-चटणी चोळली आणि गच्चीवर दोरीला टाकल्या. पण आत्ती, पाटणला मटण मिळतंय, मीठ मिळतंय, ऊन मिळत न्हाई. धुकं दुपारपत्तोर हलत न्हाई. सांजच्याला पट्ट्या सकाळपेक्षा वल्ल्या! (शेजारच्या पैलवानाचा लंगोट त्याच दोरीवर आठवडाभर वाळतोय, तवाच मला कळायला पायजे होतं.) मग मी प्रियदर्शनीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. पट्ट्या वाळल्या न्हाईत, ड्रायर मात्र चांगला मुरला. दुसऱ्या दिवशी तिनं त्यानंच केस वाळवले आणि चौकात सत्काराला गेली. प्रमुख पाहुण्यांनी हार घालताना दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "घरी मटणाचा बेत दिसतोय." माईकवर.

शेवटी आण्णांनी, म्हणजे तुझ्या भावानं, पट्ट्या आपल्या वडापच्या, शिटा भरून न्यायच्या जीपला पुढच्या काचेत टांगल्या. काचेमागं ऊन तापतंय, कराडपत्तोर वाळतील, हा त्यांचा हिशेब. मल्हारपेठला एक म्हातारी चढली.

"आवं डायवर, कसलं तोरण म्हणायचं हे?"

"पोरगी काश्मीरला चाललीया, तिच्यासाठी हाय."

"मग शत्रूवर टाकाय देताय व्हय?"

कराड यायच्या आत जीप रिकामी. पट्ट्या शेवटी कुत्र्यांना घातल्या, त्यांनी बी जरा इचार करूनच खाल्ल्या.

चान्यांसाठी घासून ठेवलेला डबा प्रियदर्शनीनं बॅगेतनं काढला न्हाई, तसाच रिकामा भरून ठेवलाय.

तुझा,
महेंद्र

ता. क. : तुमच्या कवठे महांकाळला ऊन कसं हाय? सहज इचारलं.

ता. क. २ : सहज न्हाई. किलोभर चान्या धाड. आईला कळू देऊ नको.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आत आई मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी सांगितलं असं लिवू नको, पण मीठ ती घालती तेवढंच घालाय सांग." मग म्हणाली, पोस्टाच्या भरवशावर सोमवार हुकंल. आता ती स्वतःच उद्याच्या पहिल्या एसटीनं निघतीया, मटण बी तिकडंच घेणार हाय. हे पत्र मी तिच्याच हातात देतोय, तिला वाटतंय तिचं बोलणं मी यात लिवलं न्हाई. आत्ती, ती दारात येऊन उभी राहील आणि काय बोलणार न्हाई. तू बी बोलू नको. नुसती इळी पुढं सरकव.