वाटणाऱ्याने शेवटी उचलायचं

४ फेब्रुवारी

सासूबाईंना जाऊन आठवडा झाला नाही, तोच थोरल्या दिरांनी कपाटं उपसली! सोनं शोधताहेत. गाद्या उसवल्या, पिठाचे डबे पालथे घातले — काही नाही. साहेबाच्या पलटणीचे कपडे धुवायचा ठेका या बाईने नवऱ्यामागे एकटीने चालवला, इमारत बांधली, मग सोनं नाही कसं? मला म्हणतात, "उशापायथ्याशी तूच होतीस ना?" होते. तुम्ही कुठे होतात?

६ फेब्रुवारी

वकिलांनी सासूबाईंची इच्छा वाचून दाखवली. तीन वाटे — थोरले, नणंद आणि यांची विधवा म्हणून मी. वाटे मी पाडायचे. आणि उचलायचे घरच्या नियमाने! पोरं लहान असताना खाऊसुद्धा त्या असाच वाटायला लावायच्या. जो तुकडे करील, त्याने उरलेला घ्यायचा. म्हणजे आधी थोरले, मग वन्सं, शेवटी मी.

थोरले हसले. "जपून हं. सुरी तुझ्या हातात आहे, पण तोंड आमचं आधी."

८ फेब्रुवारी

मला एकच गोष्ट हवी आहे. मागची इस्त्रीची खोली. छत काळं पडलंय, फरशी उखडलीय, पण शेगडी तिथे, लांब टेबल तिथे, खळीचं पातेलं तिथे. कोर्टातल्या वकिलांच्या कॉलरी मी करते तशा कुणी करून दाखवाव्यात! ती खोली राहिली तर छप्पर राहिलं आणि हाताला काम राहिलं. ती गेली तर मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, दोन वेळच्या जेवणावर.

आता उघड मागावी, तर थोरले मुद्दाम उचलतील. दुसऱ्याच्या ताटातलंच त्यांना गोड लागतं.

११ फेब्रुवारी

वाटे ठरवले. पहिला — रस्त्यावरची इमारत, दुकानासकट. ती वन्संना हवी, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. दुसरा — गावाबाहेरचा कपडे वाळवायचा माळ, घोडागाडी, तांब्याचे बंब. त्या माळावर थोरल्यांचा कधीचा डोळा. तिसरा — मागची खोली.

आणि तिसऱ्याला मी मावशी जोडल्या. सासूबाईंची बहीण. डोळे गेलेले, चालणं जेमतेम, सगळं हातात द्यावं लागतं. "जो मागची खोली घेईल त्याने मावशींना शेवटपर्यंत सांभाळायचं." कोण हात लावतोय! भीक नको पण कुत्रा आवर, म्हणतील.

मला त्या जड नाहीत. त्यांचे केस मीच विंचरते, त्यांच्या शिव्या मीच खाते. पण जित्या माणसाचं बुजगावणं केलं मी. लिहितानासुद्धा लाज वाटते. वाटली तर वाटली.

१२ फेब्रुवारी

मावशींना वाटे वाचून दाखवले. त्यांना न सांगता करणं बरं नव्हतं. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी तुझ्याच गळ्यात की गं!"

मी म्हटलं, "अहो, असू दे." एवढंच. खोलीचं माझं वेड त्यांना सांगायला हवं होतं का? भिंतींना कान असतात या घरात.

१५ फेब्रुवारी

संपलं.

वकिलांनी तिन्ही वाटे वाचले. थोरल्यांनी पान चाळायचंसुद्धा नाटक केलं नाही. "मागची खोली. मावशीसकट."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. वन्संचा तर आ वासलेला तसाच राहिला! मग घाईघाईने म्हणाल्या, "मी इमारत," आणि सही करून मोकळ्या. माझ्या वाट्याला माळ. चारी बाजूंनी वारा आणि वर आभाळ. मी कागद मागे सारला, तर वकील हळूच म्हणाले, "बाई, वाटे तुम्हीच पाडलेत."

१९ फेब्रुवारी

वन्संनी महिनाअखेरपर्यंत जिन्याखाली राहू दिलंय. उपकार. माझ्या इस्त्र्या आणायला मागे गेले, तर थोरल्यांनी त्या दाराबाहेरच मांडून ठेवलेल्या. दार लावून घेतलेलं, आतून ठोकाठोक. म्हणे फरशी बदलताहेत! एक पै सुटत नाही या माणसाच्या हातून, आणि फरशी?

२३ फेब्रुवारी

नवलच आहे. थोरले मावशींना दूध पाजतात. आज डॉक्टर आणला. जन्मात कधी विचारपूस केली नाही, आणि आता "मावशी, नीट आठवा हं, नीट आठवा" चाललंय. काय आठवायचं? विचारलं तर म्हणतात, "तुझा वाटा तुला मिळाला ना? मग निघ."

माळ विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक नाही. वकिलांच्या कॉलरी परत पाठवल्या. त्या कुठे करू? जिन्याखाली?

२६ फेब्रुवारी

थोरले बाहेर गेलेले, म्हणून आत शिरले. मावशी कोपऱ्यात खाटेवर. खोलीभर मातीचे ढीग, टेबल मोडून बाजूला टाकलेलं. त्यांनी पावलावरूनच ओळखलं. हात धरून जवळ बसवलं आणि केवढ्या खुशीत सांगू लागल्या! "मीच त्याला म्हटलं गं, सोनं याच खोलीत पुरलंय. कसलं सोनं! ठेका गेला तेव्हाच विकून खाल्लं आम्ही. पण तू तरी सुटलीस ना पोरी? किती वर्षं आमची हगमूत काढत बसायचंस?"

मी म्हटलं, "सुटले, मावशी."

खाटेखालची तेवढी जमीन उकरायची राहिली आहे. तोवर मावशींना दूध मिळेल.