साकवाच्या दोन पाट्या

११ ऑगस्ट
लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस टाळलं. पेन सापडत नव्हतं हे खोटं. खिशातच होतं. लिहिलं की खरं होतं, म्हणून.

तर, आमच्या वाडीच्या साकवाला, वहाळावरच्या फळ्यांच्या पुलाला, दोन पाट्या लागल्या, दोन्ही काठांना. मीच रंगवल्या. ठेकेदाराचं काम. वर मराठीत 'साकव डळमळीत, जाऊ नये', खाली ट्रेकवाल्यांसाठी तेच इंग्रजीत. डळमळीतला इंग्रजीत रिकेटी. एका पाटीवर त्याला एक टी पडला, दुसरीवर दोन. पुण्याची एक ट्रेकवाली फोनमध्ये बघून म्हणाली, दोन्ही चालतं, दोन टीवाला जुना. बरं वाटलं. दिवसभरात तेवढंच.

१२ ऑगस्ट
पाट्या लागल्यापासून साकवावर कोणी पाय ठेवत नाय. गेल्या महिन्यापर्यंत हीच माणसं डोक्यावर भारे घेऊन जायची. साकव तोच. हलतो तेवढाच.

वैनी पलीकडे, आईजवळ. नववा लागलाय. दादा मुंबईत, सुट्टी नाय. पलीकडे वाडीत उरलेत म्हातारे. या काठच्या चौघांनी डोली करून तिला अलीकडे, गाडीरस्त्याला आणायचं ठरलं होतं. खुर्ची, दोन बांबू, झालं. आज शांतारामकाका म्हणाले, "वाचता येतं रे आमाला. तूच लिवलंस ना?"
"काका, पोटासाठी लिवलं."
"मग आमी पन पोटासाठीच थांबतो. घरी पोरं हायत."

१४ ऑगस्ट
पोलादपूरला निघालो, दवाखान्याची गाडी या काठापर्यंत येईल का विचारायला. फाट्यावर जुना दोस्त भेटला, नाते गावचा. बिरवाडीत हेल्पर घेतायत म्हणाला. बसलो त्याच्या बाइकवर मागे. तिथं गेलो तर नाय घेत. मग वडापाव, कॅरम. अंधार पडल्यावर आठवलं, गाडीचं राहिलं.
असा मी.

१५ ऑगस्ट
अलीकडची पाटी उपटून वहाळात टाकली. काका बघत होते.
"पाटी काढलीस. आमी वाचलेलं कसं काढशील?"
जेवलो नाय. मावशी, जिच्याकडे या काठाला पडून असतो, ती दोनदा ताट वाढून गेली.

१६ ऑगस्ट
काठावरून ओरडलो, "आये, मी येतो! पाठुंगळी आणतो वैनीला!"
पलीकडून आई, "तू? विहिरीवरनं हंडा आणताना वाटेत ठेवून भलतीकडं जायचास. तिला कुठं ठेवशील रे?"
पलीकडचे म्हातारे हसले. मीही.
निघालो. मध्यापर्यंत गेलो असेन. फळी हलली, खाली लाल पाणी, तिथंच बसलो. या साकवावरनं मी शाळेत पळत जायचो. माझ्याच हातानं लिहिलेलं मलाच लागलं. बसत बसत मागे आलो.
वैनी दारात उभी होती. आत गेली.

१७ ऑगस्ट
काही नाही. पाऊस. कोणाला विचारायचं तेही संपलं.

१८ ऑगस्ट
सकाळी मावशीच्या पडवीत लिहायला बसलो होतो. कालचंच पुन्हा. मावशी अंगणातून ओरडली, "अगो बाय माझे!"

वैनी. एकटी. कमरेपर्यंत चिखल, तळवे सोललेत. आई पलीकडेच. वैनी पडवीचा खांब धरून उभी आहे, दात आवळून. मी विचारलं, कशी आलीस गो? म्हणाली, "बसून. एकेक फळी सरकत. वर बघितलंच नाय."
मग खाली बसली. कळा रात्रीपासून आहेत म्हणते.
"भावोजी, लिवताय काय? गाडी बघा."