व्हॉल्व्ह तापेपर्यंत

४ जानेवारी

आजही तिनं ठरवलं नाही. देव तिचं भलं करो!

तिसरी खेप. काका पुढून ओरडले, "फ्यूज, तुझं गिऱ्हाईक आलंय." मला दुकानात सगळे फ्यूज म्हणतात, पटकन उडतो म्हणून. सगळे म्हणजे काका. मालक तेच, आणि नोकर मी एकटा. पुढे जुन्या-नव्या साउंड सिस्टिम विकायच्या, मागे दुरुस्त करायच्या, मध्ये जाड पडदे लावलेली ऐकायची खोली. तिथं ती बसते.

तिला हेडफोनसाठी अॅम्प हवाय, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र. दोन मांडून ठेवलेत. एक व्हॉल्व्हचा — वर काचेच्या नळ्या, आत केशरी तार, सावकाश तापतो. दुसरा ट्रान्झिस्टरचा — काळा डबा, बटण दाबलं की चालू. ती पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करते, कंपनी ती ऐकणाऱ्यांना विकते. पाठवण्याआधी आपलं वाचन तिला तपासायचं असतं. मी म्हटलं, व्हॉल्व्हमध्ये आवाजाला अंग असतं, ट्रान्झिस्टरमध्ये नुसता सांगाडा.

"डॉक्टरला सांगाडाच बघायचा असतो," ती म्हणाली.

म्हटलं, अजून एकदा ऐकून बघा.

५ जानेवारी

खरं कारण इथंच लिहितो. काकांना कळलं तर संपलोच.

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तोवर नीट ऐकता येत नाही. म्हणजे तोवर ती बसते, मी बसतो, आणि काहीतरी बोलावंच लागतं. डब्याला हा वेळच नसतो. लावला, ऐकलं, निघाली. आवाजाचं अंग-बिंग सगळं नंतरचं.

काल तापेपर्यंत तिनं विचारलं, "कॉलेज मध्येच का सोडलं?" म्हटलं, प्रयोगशाळेत सरांशी भांडलो. "कशावरून?" आठवेचना! भांडण शब्दन्‌शब्द पाठ, कारण साफ गायब. ती डोळे पुसेपर्यंत हसली. बाबा मला अर्धवट म्हणतात — शिक्षण अर्धवट आणि डोकंही. तो शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. ती हसली तर सरकलं नाही. नवलच.

आणि हसता हसता ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. "तू म्हणजे कमाल आहेस." तिच्या लक्षातही आलं नसेल. मी मात्र घरी येईपर्यंत तेवढंच घोळवत होतो.

९ जानेवारी

नाही आली.

१० जानेवारी

नाही. काकांनी विचारलं, "दाराला कसली राखण बसवलीय?" मी म्हटलं, दार करकरतंय, तेल घालतो. घातलंही.

१२ जानेवारी

आली!

या खेपेला स्वतःचं वाचन पेनड्राइव्हवर घेऊन आली. म्हणाली, गाणी पुरे, मला माझ्या आवाजावर पारखू दे. दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मला वाटलं प्रेमकथा असेल, निदान रहस्यकथा. निघालं मधमाशा पाळण्याचं पुस्तक! पेटी सावलीत ठेवावी. धूर बेतानं द्यावा. राणीमाशीला हात लावू नये.

व्हॉल्व्हवर तिचा आवाज — काय लिहू. साखरेत नाही, मधातच घोळलेला. अर्थात पुस्तकच तसलं. मी म्हटलं, आता तरी ठरव. ती मान वाकडी करून ऐकत होती. म्हणाली, "छान वाटतोय. पण मी अशी नाहीये." मग डब्यावर सुरुवातीचं थोडंसं ऐकलं. म्हणाली, "अशी आहे. घसा जरा बसलेला."

जाताना — "बघते, येते परत."

पेनड्राइव्ह तिनं नेला. कॉम्प्युटरवरचं वाचन मी पुसलं नाही.

१५ जानेवारी

दुपारी दुकान जेवणासाठी बंद असतं तेव्हा व्हॉल्व्ह लावून तेच ऐकतो. वाचन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आज रात्री घरी जेवताना तोंडातून निघून गेलं, पेटीचं दार वाऱ्याच्या दिशेला नसावं. आईनं पोळी तशीच हातात धरली. "कसली पेटी?" मधमाशांची, म्हटलं. आई बाबांकडे बघून म्हणाली, "आता हे नवीन." बाबा म्हणाले, "तेही अर्धवट सोडील." उठलोच ताटावरून.

आईनं मागाहून दाराशी येऊन विचारलं, "कोण आहे रे ती?" आयांना कसं कळतं!

१९ जानेवारी

सगळं संपलं. माझ्या हातानं संपवलं.

काकांचा नियम आहे — दोन अॅम्प पारखायचे तर आधी दोन्हींचा आवाज मापून सारखा करायचा. कान फसवा असतो, जो किंचित मोठा वाजतो तोच त्याला चांगला वाटतो. मी आज व्हॉल्व्ह किंचित मोठा ठेवला. केसभर. म्हटलं, आवडला तर व्हॉल्व्ह घरी नेईल, मग नळ्या बदलायला वर्षानुवर्षं इथंच येईल. डब्याला काय होणार? दगड तो.

ती ऐकत होती, डोळे मिटून. आवडलाय असं मला वाटत असतानाच तिनं हात पुढे केला आणि बटण स्वतः मागे फिरवलं.

"हा मोठा ठेवलायस तू."

"छे, वाटतो तसा."

"मी दिवसभर हेच काम करते. मला फसवून गोड ऐकवू नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली. चूक माझी, आणि भडकलोही मीच! म्हटलं, घे मग तो डबा. जा. तुला आवाज कशाशी खातात ते कळत असतं तर इतके दिवस इथं घिरट्या घातल्या असत्यास का?

तिनं हेडफोन काढून ठेवले. मग अगदी थंडपणानं म्हणाली, "बांधून द्या. आणि तुमच्या मालकांना बोलवा."

द्या. तुमच्या.

डबा काकांनीच बांधून दिला.

२० जानेवारी

काकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी

'घिरट्या' हा शब्द मला सुचला कुठून?

२६ जानेवारी

काकांनी व्हॉल्व्ह विकला. मी बाहेरचं काम करून येईपर्यंत जागा रिकामी. "तुझा कंदील गेला रे," म्हणाले. पहिल्यापासून त्याला कंदीलच म्हणतात. एक पेन्शनर घेऊन गेला. म्हणे, नातवंडांना दिवे बघायला आवडतील.

खोलीत बसलो तर तापायला काहीच नाही.

२८ जानेवारी

राहवेना. दुसरा डबा होता दुकानात, तिनं नेला तसाच. त्यावर लावलं तिचं वाचन, आणि पहिल्यांदाच डब्यावर शेवटपर्यंत ऐकलं.

काय काय ऐकू येतं! व्हॉल्व्हची बारीक घूं सतत मागे असायची, मी तिला ऊब म्हणायचो. ती घूं गेली तर पान उलटल्याचा आवाज. घोट गिळल्याचा. एका जागी 'पोळं' म्हणताना ती अडखळते, स्वतःवरच नाकातल्या नाकात हसते. ही ती! मधातली नाही, खरी, घसा बसलेली. हेच ती सांगत होती आणि मी तिला आवाजावर शिकवण्या देत होतो.

आणि अगदी शेवटी, धडा संपल्यावर, माइकपासून तोंड फिरवून, हळू —

"झालं. ये आता. किती वेळ बसशील तिथं."

कोणाला?

२९ जानेवारी

कोणाला म्हणाली?

मराठी तरी काय भाषा आहे! खुर्चीला ती, टेबलाला ते, दगडाला तो. निर्जीव वस्तूंची जात सांगते. आणि नेमकं इथं मुकी. 'ये' — पुरुषही येतो, बाईही येते. 'बसशील' — कोणीही बसेल. 'बसलायस' म्हणाली असती तर कळलं असतं, 'बसलीयेस' म्हणाली असती तरी कळलं असतं. घरात कोणीतरी आहे ज्याला ती 'तू' म्हणते, जो तिची वाट बघत चूपचाप बसून राहतो. दाढीवाला असेल. शांत स्वभावाचा. शिक्षण पूर्ण केलेला.

३० जानेवारी

मांजर असेल का?

२ फेब्रुवारी

तिचा फोन आला. काकांना. डब्यातून घूं येतेय, रेकॉर्डिंग तपासता येत नाही. काकांनी फोन ठेवला, हत्यारांची पिशवी माझ्यापुढे सरकवली. "जा. आणि तोंड इथं ठेवून जा."

उद्या सकाळी.

३ फेब्रुवारी

सावकाश लिहायला हवं.

जुनी इमारत, वरचा मजला. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर एक बाई बसलेल्या. मांडीवर वाटाण्याच्या शेंगा, सोलायचं चाललंय, पण इतकं हळू की शेंग फुटल्याचाही आवाज नाही. हातातल्या बांगड्या रुमालानं बांधलेल्या. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. कुजबुजल्या, "आत वाचतेय. बस."

मी बसलो. त्यांच्या खालच्या पायरीवर. त्यांनी मूठभर शेंगा माझ्याकडे दिल्या.

घर एका खोलीचं. या तिच्या आई; त्या आत असल्या की खोकला येतो, भांडं वाजतं, कंपनी आख्खं प्रकरण परत पाठवते. म्हणून ती वाचायला बसली की आई जिन्यावर. थंडी असो, पाहुणे असोत. "तिला फार वाईट वाटतं," कुजबुजल्या, "पण मला चालतं. इथून येणारे-जाणारे दिसतात." म्हणून तिला सांगाडा हवा होता. खोकला कुठं कुठं शिरलाय ते दिसायला. जिथं तेवढाच भाग पुन्हा वाचला तर भागेल तिथं आईला पुन्हा तासभर बाहेर बसवायला नको.

आणि मी तिला घूं देत होतो, सगळं झाकायला!

आम्ही बराच वेळ बसलो. बंद दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग दार उघडलं. "झालं. ये आ—" आणि मी दिसलो.

"तुम्ही होय," म्हणाली.

बिघाड काहीच नव्हता. लॅपटॉपचा प्लग एका भिंतीत, अॅम्पचा दुसऱ्या. दोन जागची वीज अशी जोडली गेली की घूं येते. दोन्ही एका एक्स्टेंशन बोर्डावर लावली. गेली. तिनं हेडफोन लावून बघितलं, मान हलवली. मी म्हटलं, त्या दिवशी व्हॉल्व्ह मी मुद्दाम मोठा ठेवला होता. म्हणाली, "माहितीये." म्हटलं, आणि नंतर जे बोललो... म्हणाली, "तेही माहितीये. सगळा जिना ऐकेल, हळू बोला."

आईनं चहा टाकला. मी उभ्यानंच प्यालो. आवाज घुमू नये म्हणून रजयांनी मढवलेल्या कपाटासमोर ती पुढचं प्रकरण काढून बसली होती. निघालो तर मागे न वळताच म्हणाली, "खालची पायरी तुटलीय, बघून जा."

बघून जा. 'तू'लाही जा, 'तुम्ही'लाही जा, भाषा पुन्हा मुकी. आणि 'जा' तर रागानंही म्हणतात, मीच म्हटलं होतं.

४ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहिली नाही. लिहिली की खोटी ठरेल असं वाटलं.

जिन्यावर शेंगा सोलताना तिची आई म्हणाली, "काय रे, तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला इतक्या चकरा का मारायला लावतात? पहिल्या दिवशीच घरी येऊन मला म्हणाली होती, आई, काळा डबाच घ्यायचा, ठरलं. मग पुन्हा पुन्हा कशाला बोलावत होतात तिला?"

आम्ही नव्हतं बोलावलं.