नळीतली काजळी

मंगलच्या बाबांस,

तुम्हाला पत्र लिहून किती वर्षं झाली! तुम्ही पलटणीत होता तेव्हा लिहायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर, निम्मं तुम्हाला लागायचं नाही, तरी लिही म्हणायचा. तेव्हा पत्त्याची काळजी नव्हती. फौजी टपालाचं छप्पन एपीओ टाकलं की तुम्ही कुठल्याही डोंगरावर असा, पत्र पोचायचं. आता काय टाकू?

आज लिहायचं कारण तुमची रायफल आहे. उद्या पिंपळनेरला ठाण्यात जमा करायची. माणूस गेला की त्याचं लायसन पण गेलं म्हणतात. काडतुसं पोलिसांनी आधीच नेली. मी म्हटलं, देण्याआधी पुसून तर घेऊ. मागचा बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली आणि बघतच राहिले. आत धुराड्यासारखं काळं!

तुमच्या बंदुकीत काजळी? अहो, मैली नळी घेऊन हत्यारं जमा करायला गेलेल्या जवानाला पलटणीतल्या उस्तादाने मैदानभर कसं रांगायला लावलं, ही गोष्ट सांगून सांगून तुम्ही माझे कान किटवले होते. आणि तुमचीच अशी?

गणपतभाऊ ओट्यावर बसले होते. तुमचा भाऊच तो, बसल्या जागेवरून बोलणार. म्हणाले, "वहिनी, जमाच करनी शे ना! तठे कोण नळीले डोया लाईसन देखस?"

मी म्हटलं, मी देखते ना, तेवढं पुरे.

चिंधीसाठी तुमचं जुनं बनियन काढलं. जन्मभर माझी पातळं फाडत आलात, एकदा तुमचं फाटू दे म्हटलं. दोरीला अडकवलं, तेलात बुचकळलं आणि ओढलं, तर मधोमध गच्च बसलं. ना पुढे, ना मागे. बनियन जाड पडतं, तुम्हाला झिजलेल्या पातळाचीच चिंधी का लागायची ते आज समजलं. तेव्हा सांगितलं असतं तर भांडले नसते ना! मी पाय रोवून जोर लावला. गणपतभाऊ ओरडले, दोरी तुटली तर आतच राहील.

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. "भिजू दे वं, घाई नको करू." करपलेलं पातेलं असो, रुसलेली मंगल असो, नाही तर मी असो, तुमच्याकडे औषध एकच.

म्हणून तेल ओतलं आणि रायफल भिंतीला टेकवून बसले. मला बसवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं.

एका बाराने नळी एवढी काळी होत नाही. हे मक्याच्या पूर्ण हंगामाचं होतं. रानडुकरं हाकलायला तुम्ही हवेत बार काढायचा, घरी यायचा, आणि तिला पुसल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. भाकर गार, माझं डोकं गरम, तुमच्या हातांना तेलाचा वास. मग या साली काय झालं? आलात की रायफल खुंटीला, "उद्या करतो" म्हणायचं आणि सरळ ताटावर. मला केवढं बरं वाटायचं! म्हटलं, इतक्या वर्षांनी माणूस सुधारला, गरम भाकर खायला शिकला.

तुमचा हात दुखत होता ना? दोरी ओढवत नव्हती. छातीचंच दुखणं ते, हातात उतरलेलं, असं डॉक्टर तुम्ही गेल्यावर म्हणाले. मी सोबत ताटावर बसत होते हो! "हात दुखतो" एवढं बोलायला काय होत होतं? ते भिजवून ठेवायचं दुखणं होतं का?

बऱ्याच वेळाने बनियन सुटलं. मग मी माझं लिंबोणी पातळ फाडलं, ज्यावरून आपण भांडलो होतो तेच. तुम्ही करायचा तसं केलं, मागून पुढे, एकाच बाजूने. भिजवलं, थांबले, ओढलं, परत भिजवलं. चिंधी आधी डांबरासारखी निघाली, मग मातकट, आणि शेवटची कोरी. गणपतभाऊंनी नळीला डोळा लावला. नंतर म्हणाले, "दादानी जशी ठेयेल व्हती तशी."

तुम्ही असता तर ती कोरी चिंधी घरभर मिरवली असती. मला मात्र रडू फुटलं. तुमच्या हातचा तेवढाच धूर घरात राहिला होता, तो पण मीच काढला. न काढून कसं चाललं असतं? मैली नळी जमा केली असती तर तुमची मान खाली गेली असती.

उद्या ठाण्यात मीच सांगणार आहे, साहेब, डोळा लावून बघा. आणि एक शब्द देते. मला कुठे दुखलं, हातात, छातीत, कुठेही, तर त्याच वेळी मंगलला फोन करीन. "उद्या करतो" हे तुमचं बोलणं मी या घरात ठेवणार नाही.

तुम्ही हसाल, पण घाई करणारी बाई या बाबतीत बरोबर होती.

तुमची,
मंगलची आई