लैसोआची मशीद आणि टोकावरची तोफ

टोकावरचं ठाणं,
११ जानेवारी १९४२

ती. योसिनाताईस,
मेसाकचा सा. न. वि. वि.

तुझं गाठोडं पोचलं. धुरी दिलेला कुपा मासा आठवडाभर पुरवायचा म्हणून मी पेटीत दडवला होता. पण आमच्या लेफ्टनंट ड्रोस्टसाहेबांना वास लागला आणि एका जेवणात सगळा फस्त. साहेब डच असले तरी पोरसवदाच आहेत. आपली साबूची चिकट खळ काठीवर गुंडाळून ओढायला शिकलेत, पण निम्मी हनुवटीवर राहते.

मदत येणार म्हणतात. कुठून, ते मात्र कोणी सांगत नाही. उत्तरेकडची बेटं एकेक करून गप्प झाली आहेत. आम्ही मूठभर माणसं, दोन जुन्या तोफा आणि मोजकेच गोळे. तरी ठाणं फुकट देणार नाही, एवढं लिहून ठेव.

एकच गोष्ट बोचते. जपानी उतरले तर खाडीपलीकडे लैसोआच्याच वाळूवर उतरतील, आणि माझ्या तोफेचं तोंड तिकडेच आहे. हातुरेना आणि लैसोआ, आपण दोन गावं शपथेचे भाऊ. आपण चर्चमध्ये जातो, ते मशिदीत जातात, पण पूर्वजांनी एका वाटीतून रक्त मिसळलेली ताडी प्यायली आहे. आपल्या हातून त्यांच्या अंगावर ओरखडा उठला तर दोन्ही गावांचं वाटोळं. हे साहेबांना सांगितलं, तर म्हणाले की सार्जंट, तोफेला नातेवाईक नसतात. मी म्हटलं, तोफेला नसतील, डागणाऱ्याला आहेत.

डोक्यावरचा तुझा हात असाच राहू दे.
तुझा धाकटा,
मेसाक

·

हातुरेना,
२० जानेवारी १९४२

चि. मेसाक यास,
योसिनाताईचे अनेक आशीर्वाद.

मासा साहेबांनी खाल्ला हे बरं झालं, निदान त्यांच्या अंगाला काही लागेल. तू खाऊन आजवर कुठे काय लागलंय! मी भजनाच्या पुस्तकावर अक्षरं गिरवून शिकलेली बाई. चुका काढू नकोस.

लवंगा वाळल्या, पण न्यायला जहाज नाही. चर्चचे पास्तरसाहेब रोज घंटा वाजवून सगळ्यांना धीर देतात आणि स्वतः माझ्या चुलीपाशी येऊन थरथरत बसतात.

परवा लैसोआचे गावप्रमुख इद्रिसकाका आले होते. अंगणात उभं राहून माझ्या लाल कोंबड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, की योसिना, हा मला दे. माझा जीव तुटला रे! पण शपथभावानं तोंड उघडून मागितलं तर नाही म्हणायची सोय आहे का? दिला. जाताना म्हणतात कसे, की तुझ्या सार्जंटला सांग, आमच्या गावावर नजर आहे तशी असू दे, पण नेम चांगला ठेव. म्हाताऱ्याला थट्टा सुचते!

तुझी चिंता कळते मला. तोफेपाशी मन आणि हात दोन दिशांना गेले तर माणूस मरतो. मी प्रार्थना करते की तुझ्यावर ती वेळ न येवो.

जपून राहा, आणि या म्हातारीला विसरू नकोस.
योसिनाताई

·

टोकावरचं ठाणं,
४ फेब्रुवारी १९४२

ती. ताईस, सा. न.

ती वेळ आली. जपानी लैसोआत उतरले. दारूगोळ्याच्या पेट्या त्यांनी मशिदीत रचल्या. दगडी इमारत गावात तेवढी एकच. तिथून त्यांच्या तोफा आमच्यावर आणि आपल्या गावाच्या वाटेवर चालणार हे उघड होतं. साहेबांनी मशिदीवर डागायचा हुकूम दिला. माझा हात उठेना. साहेब ओरडले, मग त्यांनी पिस्तुलाला हात घातला. मी म्हटलं, साहेब, आत कोण आहे ते कळल्याशिवाय मी डागणार नाही, मग काय ते करा.

तेवढ्यात खडकाखाली एक होडी लागली. इद्रिसकाका! जपान्यांच्या नाकाखालून, या वयात, एकटे वल्हवत. धापा टाकत वर आले आणि आधी साहेबांकडे प्यायला पाणी मागितलं. मग मला म्हणाले, की गाव रिकामं आहे, झाडून सगळे डोंगरात नेलेत, म्हातारी आमिनासुद्धा शिव्या देत गेली. आता शपथभाऊ म्हणून मी तुझ्याकडे मागतो. आमची मशीद पाड.

ताई, तू कोंबडा दिलास. मी काय दिलं असेल ते समज.

तिसरा गोळा लागला. पेट्या इतका वेळ फुटत होत्या की साहेबांनी टोपी काढली. इद्रिसकाका तिकडे पाठ करून बसले होते. धूर ओसरल्यावर विचारलं, की नेम कुणी शिकवला रे तुला?

जपान्यांना नवे गोळे आणायला वेळ लागेल. तेवढ्यात गाव डोंगरात ने. हे पत्र काकांच्याच हाती देतो. आमच्याकडे फार काही उरलेलं नाही.

तुझा,
मेसाक

·

डोंगरावरून,
९ फेब्रुवारी १९४२

चि. मेसाकला आशीर्वाद.

हे पत्र कुठे पाठवू ते ठाऊक नाही, तरी लिहिते. आज टोकावरचा झेंडा उतरला. आम्ही वरून पाहिलं. शेवटी तुमच्याकडून नुसत्या बंदुका वाजत होत्या. मग त्याही थांबल्या. तुम्हाला ओळीनं गलबताकडे नेलं. अंतर फार होतं, पण लंगडत चालणाऱ्या साहेबांना आधार देणारा तूच होतास, हे मी ओळखलं.

तुम्ही जे दिवस मिळवून दिलेत, त्यात दोन्ही गावं इथे वर पोचली. एकही पोर मागे राहिलं नाही. इथे लैसोआच्या बायका माझ्या चुलीवर रांधताहेत आणि मिठावरून भांडताहेत. रडायला आडोसा मिळत नाही. ठाणं पडलं म्हणतात लोक. म्हणू देत. माझी मान ताठ आहे.

जिवंत राहा.
ताई

·

लष्करी इस्पितळ, अंबोन,
१४ ऑक्टोबर १९४५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. हाडं तेवढी मोजून घेता येतील अशी दिसतात. ड्रोस्टसाहेब कैद्यांच्या छावणीतच वारले. शेवटी तुझ्या माशाची आठवण काढत होते.

रागावू नकोस, मी गावी येणार नाही. मकासरच्या बंदरात काम मिळतंय. छावणीत रोज रात्री डोळ्यांसमोर ती मशीद कोसळायची. काकांनी मागितलं हे खरं, पण हात माझाच होता. खाडीपलीकडे ते उघडं जोतं बघत मी तुझ्या ओसरीवर कसा बसू? लैसोआची माणसं तोंडावर काही बोलणार नाहीत, तेच सोसवणार नाही.

लोभ कमी करू नकोस.
मेसाक

·

हातुरेना,
२ नोव्हेंबर १९४५

चि. मेसाक यास अनेक आशीर्वाद, आणि एक थोबाडीत.

तुझं पत्र घेऊन मी तडक लैसोआला गेले आणि इद्रिसकाकांना वाचून दाखवलं. म्हातारा आधी हसला, मग खोकला, मग भडकला. म्हणाले, की मशीद त्यानं पाडली असं त्याला सांगितलं कुणी? पाडली आम्ही. हात तेवढा त्याचा मागून घेतला. एवढी शेखी मिरवायला लाज नाही वाटत गाढवाला?

मेसाका, ते लोक पावणेचार वर्षं झावळ्यांच्या मांडवात नमाज पढताहेत. पावसाळ्यात अंगावर धार लागते. मधल्या खांबासाठी लाकूड तासून तयार आहे, खड्डाही खणलाय. दुसऱ्या गावचे लोक खिजवतात, की एक खांब उभा करता येत नाही का तुम्हाला? तर हे सांगतात, की खांबाला पहिला हात लावणारा शपथभाऊ लढाईवर गेलाय, तो आला की करू. तू जिवंत आहेस की नाही हे ठाऊक नसतानाही हेच सांगत होते.

मी म्हटलं, तो येत नाही म्हणतो. काकांनी तिथल्या तिथे उठून होडी पाण्यात लोटायला सांगितली. आपल्या गावाचे चौघे आणि त्यांचे चौघे वल्ह्यांवर बसले, आणि या वयात स्वतः काका सुकाणूवर. हे पत्र टपालानं आलेलं नाही, काकांनी तुझ्या हातात दिलंय. तू वाचून संपवेपर्यंत बोलू नका, असं मी त्यांना बजावलंय.

आता संपलं. मान वर कर, आणि त्यांना पाणी विचार.

वाट पाहणारी,
योसिनाताई