मिठाचं काय झालं?

१० नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे! रावेत, अकरावा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. बाल्कनीतून हायवेवरचे ट्रक दिसतात म्हणून सायलीने ती आल्या आल्या स्वतःच्या नावावर करून घेतली. मी येऊ का म्हटलं तर आधी दार वाजव म्हणाली. सात वर्षांची आहे, पण तोरा घरमालकाचा.

समोरच्या दारात करिष्मा राहते. इथल्या मूळच्या गावकऱ्यांपैकी. ही बिल्डिंग उभी आहे तिथे तिच्या सासऱ्याची ज्वारी असायची म्हणे. पिठलं-भाकरी घेऊन आली आणि काही लागलं तर निस्तं दार वाजवा ताई, लाजायचं न्हाई, असं बजावून गेली. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत सायली तिच्याकडे राहील हेही तिनेच ठरवून टाकलं. उद्यापासून चाकणला नोकरी. गाड्यांची सीटं बनवणारी कंपनी, क्वालिटी विभाग. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. मला याहून शोभेल असं काम नाही.

शेखर नाशिकलाच राहिला. त्याच्याकडे फ्लॅट, गाडी आणि त्याच्या आईची मतं. माझ्याकडे सायली. घाट्यात कोण गेलं हे त्याला अजून कळलेलं नाही.

झोपताना सायलीने गोष्ट मागितली. परभणीला माझी आई मला एका पातळ पुस्तकातून वाचून दाखवायची, ती सांगायला घेतली. त्या पुस्तकाचं कव्हर आधीच फाटलेलं, त्यामुळे नाव-गाव काही माहीत नाही. एक मुलगी आठवडी बाजारात मीठ आणायला जाते. वाटेत तिला चष्मेवालं गाढव भेटतं. परतताना नदीत तिचा पाय घसरतो आणि सगळं मीठ पाण्यात विरघळतं. इथपर्यंत आले आणि अडले. मग मिठाचं काय झालं, सायलीने विचारलं. मला आठवेना! आईचा नाकातून काढलेला गाढवाचा आवाज आठवतो, पान उलटायच्या आधी जिभेला लावलेलं बोट आठवतं, आणि मी घाई केली की ती म्हणायची ते आठवतं, "थांब गं, गाढवाला दम खाऊ दे." शेवट तेवढा गेला.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिची पुस्तकांची पेटी माझ्या भावाने, दिग्विजयने, तेराव्याच्या आत रद्दीत घातली. घर रिकामं करायचं होतं त्याला. आईचं असं माझ्याकडे काही म्हणजे काही उरलेलं नाही. सायलीला शब्द दिला आहे, ते पुस्तक शोधून आणीन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

इथे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. सायली शाळेत, म्हणून एकटीच पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेले. नाव काय, लेखक कोण, प्रकाशन कुठलं? तिन्हींची उत्तरं नाहीत म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे, मी उधार मागायला आल्यासारखा बघायला लागला. एकाने मिठाच्या गाढवाची बोधकथा हातात ठेवली. ती नव्हे हो! त्या गाढवाला चष्मा नाही.

जुन्या पुस्तकांच्या एका व्हॉट्सॲप गटातही विचारलं. एका काकांनी मला मराठी वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर लांबलचक काहीतरी पाठवलं आणि तळाला सुप्रभात. दिग्विजयला फोन केला तर म्हणे, कामून डोकं खायलीस, आईनं तुला एकटीलाच वाचून दाखवलं का? त्याला तर गाढवसुद्धा आठवत नाही. खरं तर आठवायला हवं, घरातलंच होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज गंमत झाली. आम्हाला पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्या कारखान्याची तपासणी करायला पाठवलं होतं. चाकणच्या पुढे, आत. हे लोक रद्दी भिजवून, कुटून तिचा पुठ्ठा करतात. मागच्या शेडमध्ये रद्दीचा डोंगर आणि त्यात सगळी शाळेची, गोष्टींची पुस्तकं! उद्या त्यांचे खोके होणार आणि त्यांतून आमची सीटं जाणार.

डोंगराच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मनगटात सोन्याचं कडं, बाहेर चकाकती मोठी गाडी. हिंदुराव. जमीन त्यांची, कारखाना भाडेकरू. अशांना इकडे गुंठामंत्री म्हणतात. मी वाकून पुस्तकं बघतेय म्हणून त्यांनी विचारलं, कंचं पुस्तक हरवलंय म्याडम? मी हसत हसत सगळी गोष्ट सांगितली. डोळे मिटून, मान डोलवत ऐकली त्यांनी. इतकं मन लावून माझं कोणी ऐकून किती वर्षं झाली असतील! वाचाया न्हाई, ऐकाया ग्वाड लागतं, म्हणाले. मग म्हणाले, गावंल. पानापानानं गावंल. पन इसर द्यावा लागंल, त्याबिगार न्हाई.

या पट्ट्यात कोणीही दोन माणसं बोलत असली की विषय जमिनीचा, फ्लॅटचा नाहीतर आगाऊ द्यायच्या इसाराचा. जुन्या पुस्तकालाही इसार! मी लगेच हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मिळालं! पहिली सहा पानं. ओली, कडा कुटलेल्या, पण तीच. चष्मेवालं गाढव पान भरून उभं आहे. शेडमध्येच मला रडू आलं.

मी पर्स उघडली तर हिंदुराव मोठ्याने हसले. पैसं ठिवा, इसर पावला म्हणाले. मोठेपणा असतो एकेकाचा. मी मात्र उगाच श्रीमंतांना नावं ठेवत असते.

२४ नोव्हेंबर, रविवार

सायलीला पानं वाचून दाखवली. मध्येच तिने थांबवलं. आजी काढायची तसा गाढवाचा आवाज काढ म्हणाली. मी विचारलं, कसला आवाज? तिला वाटलं मी चिडवतेय.

कसला आवाज?

दुपारी दिग्विजयचा फोन आला. आईच्या हातच्या कसल्याशा वड्यांबद्दल तो बोलतच राहिला. मी हं हं करत राहिले. आई काही करायची हे मला माहीत आहे, म्हणजे करत असणारच, सगळ्यांच्या आया करतात. पण चव, वास, काही येईना. ओव्हरटाइमने डोकं बधिर झालंय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी पानं मिळाली, पाय घसरतो तिथपर्यंत. आता शेवटचं पान तेवढं राहिलं.

मी घाईने उलटायला गेले तर हिंदुरावांनी हात आडवा केला. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि म्हणाले, "आमची आई म्हनायची, थांब गं, गाढवाला दम खाऊ दे." मला इतकं आवडलं ते! खेड्यातल्या बायकांच्या बोलण्यात काय गोडवा असतो. घरी येऊन सायलीला सांगितलं. ती खाण्यातून मान वर करून म्हणाली, हे तर तूच सांगतेस, आजी म्हणायची म्हणून.

पुरुषाने स्वतःच्या आईचं सांगताना 'थांब गं' कसं सांगितलं? त्याला ती 'थांब रे' म्हणाली असती.

हा विचार तेव्हाच का आला नाही?

१ डिसेंबर, रविवार

दिग्विजयकडून आईचा फोटो मागवला. नऊवारीतली एक बाई. कपाळ मोठं, चेहरा प्रेमळ. रस्त्यात भेटली असती तर मी तिला पत्ता विचारून पुढे गेले असते.

ही माझी आई. हे मला माहीत आहे, जसं परभणी मराठवाड्यात आहे हे माहीत आहे.

करिष्माला सगळं सांगितलं. आधी ती हसली. मग इसाराचं ऐकून तिचं हसू गेलं. नीट काय म्हणाला सांगा ताई, असं तिने दोनदा विचारलं. इसार का इसर? मी म्हटलं, एकच ना? एक न्हाई ताई. जमिनीला देत्यात त्यो इसार. इसर म्हंजे तुमचा विसर. आमी इसर पडला म्हनतो न्हाई का!

तो एकदाही इसार म्हणालेला नाही. मी ऐकला तसा. आयुष्यभर इतरांच्या चुका काढल्या आणि स्वतः एका कान्यावर फसले.

करिष्माने शपथ घातली आहे, तिकडे फिरकायचं नाही. नाही जाणार.

४ डिसेंबर, बुधवार

जाणार नाही म्हणणं सोपं आहे. माझी आई त्याच्याकडे आहे! तो तिथे खुर्चीत बसून तिचा आवाज ऐकत असेल, तिच्या वड्या खात असेल. दिग्विजयने पेटी विकली म्हणून मी त्याच्याशी तीन वर्षं धड बोलले नाही. मी तर आख्खी आई विकली, आणि वर त्या माणसाचे आभार मानले.

सायली सारखी विचारते, पुस्तकाचं काय झालं. भीती वाटते. पण तिला सांगायला माझ्याजवळ आजीच नाही, तर मी तिची कोणती आई?

उद्या जाऊन भांडणार.

५ डिसेंबर, गुरुवार

भांडले. शिव्या दिल्या. त्याने शांतपणे शेवटचं पान हातात ठेवलं, याला काय नको म्हणाला, ह्ये फुकाट.

छापलेला शेवट असा: 'मुलीने दुसऱ्या दुकानातून मीठ घेतले व ती घरी गेली. तात्पर्य: कामात नेहमी लक्ष असावे.'

बस! एवढंच! माझा शेवट छापलेलाच नव्हता. तो आई सांगायची, पुस्तक मिटून, तिच्या मनचा. पुस्तकात काहीच नव्हतं, होतं ते आईत होतं, आणि तेच देऊन मी ही चिंधी घेतली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

तो म्हणाला, आईचा शेवट हाय माझ्यापाशी. आईबी हाय. परत देतो की, बदल्यात दुसरं द्या. मी सावध होते. नोकरी नको, शिक्षण नको, परभणी नको, सायलीचं तर नावही काढायचं नाही, असं मनात पक्कं होतं. मग सुचलं आणि मला हसूच आलं. म्हटलं, माझं लग्न घे! नाशिकची नऊ वर्षं, तो शेखर, त्याच्या घरातला एकूण एक दिवस. मला त्यातलं काहीही नको आहे.

तोही हसला. उठून उभा राहिला, आणि जमीन विकताना खरेदीखतात वाचतात तसं म्हणू लागला. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, जे काय त्यात उगवलं असंल ते समदं धरून?

समदं धरून, मी म्हटलं. दातओठ खाऊन म्हटलं. एक काडी ठेवू नकोस.

५ डिसेंबर, संध्याकाळ

आली! आई आली! रिक्षातच आली. नाकातला आवाज, बोट, वड्यांचा खमंग वास, सगळं. रिक्षात हसत होते, रडत होते. शेवटही आला.

दार उघडत होते, तेवढ्यात समोरच्या करिष्माने एक मुलगी आणून सोडली. माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती, गेला होतात का, चेहरा असा का. मुलगी सरळ आत गेली, तिने चपला काढल्या, बाल्कनीचं दार लावून घेतलं.

शेजारधर्म ठीक आहे. पण न विचारता —

६ डिसेंबर

अजून इथेच आहे. शाळेचे कपडे माझ्या कपाटातून काढले तिने. डबा मागितला. दिला. उपाशी कसं ठेवणार.

करिष्मा माझे खांदे धरून हलवत होती. रडत होती. ताई, सायली, सायली, तुमची सायली हो. मी म्हटलं मला मूल नाही. माझं लग्नच — लग्न? गळ्यात मंगळसूत्राचा वळ नाही, पण पोटावर टाक्यांची खूण आहे. कसलं ऑपरेशन झालं होतं मला?

मुलगी दाराआडून ऐकत होती.

तिची नजर — मला त्या मुलीची भीती वाटते. ती माझ्याकडे बघते तसं अजून कोणी कधी —

७ डिसेंबर

गेटवरच्या माणसाला फोन केला. मूल चुकून आलंय, घेऊन जा. तो म्हणाला, मॅडम चेष्टा करता का.

कोणीतरी नाशिकहून निघालं आहे म्हणे, तिला न्यायला. बरं झालं. कोण ते मला —

तोवर तिला जवळ बसवलं. बिचारी हुंदके देत होती. म्हटलं, गोष्ट सांगते. आईने सांगितली तशीच सांगितली, आवाज काढून. घरी चुलीवर आमटी, आणि मुलगी रिकाम्या हाताने आली. आई काय म्हणेल म्हणून पातेल्यावर वाकून ती इतकी रडली, इतकी रडली की आमटी खारट झाली. आईने चाखून पाहिली, म्हणाली, बाई गं, आज मीठ अगदी बेताचं पडलंय. झालं. संपली.

चांगला शेवट आहे. यात रडण्यासारखं काय आहे?

पण ती माझ्या कुशीत घुसून आणखीच — तिचे हात गरम आहेत. केसांना कसलासा वास येतो, ओळखीचा नाही. मी तिची पाठ थोपटली. विचारलं, बाळ, तुझं नाव काय गं? तिने मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि म्हणाली —