डोक्यावरची हिरवी पट्टी

३ मार्च, मंगळवार

एकेचाळीस! आज बसून मोजल्या. आमच्या ऑनलाइन खेळात लढाई सुरू झाली की पडद्यावर एकूण एकेचाळीस गोष्टी दिसतात. प्रत्येक सोबत्याच्या डोक्यावर किती जीव उरलाय ते सांगणारी हिरवी पट्टी. पट्टीखाली विष चढलंय, भाजलंय, हाड मोडलंय — त्याची बारकी चित्रं. प्रत्येक चित्राशेजारी उलटे पळणारे सेकंद. ह्या सगळ्याच्या मागे कुठेतरी राक्षस उभा. तो बिचारा दिसतच नाही!

आमच्या खात्याच्या सरांना हे सगळं काढून टाकायचंय. (त्यांना आम्ही पाठीमागे डस्टर म्हणतो.) "पडदा म्हणजे खिडकी आहे गं. खिडकीवर कोणी नोटिसा चिकटवतं का?" पडद्यावर काय दिसावं हे ठरवणं माझं काम, म्हणजे पुसायचं कामही माझंच. आणि खोटं कशाला लिहू — मला ते आवडतं.

आईनं जेवताना विचारलं, "दिवसभर करतेस तरी काय तिथे?" म्हटलं, पुसते. म्हणाली, "मग जाता जाता ओटाही पुसून जा."

५ मार्च, गुरुवार

पडदा कोरा झाला. एक अक्षर नाही, एक आकडा नाही.

आणि काय दिसलं! गुहेतला ओला दगड दिसला. सहा पायांची अजस्र घोरपड, म्हणजे तोच राक्षस, श्वास घेताना तिच्या गळ्याखालची कातडी हलते — ते तीन वर्षांपूर्वी कोणीतरी जीव ओतून केलं होतं आणि आजवर कोणाला दिसलं नव्हतं. आता जखमी माणूस कमरेत वाकतो. विष चढलेल्याचं पाऊल किंचित अडखळतं. भाजलेला माणूस खांदा आत ओढून घेतो. जे सांगायचं ते शरीरच सांगतं.

सगळं खातं माझ्या खुर्चीमागे गोळा झालं होतं. डस्टरनी चष्मा काढून पुसला.

६ मार्च, शुक्रवार

तीन गट खेळायला बोलावले. तिन्ही गट मेले. चार मिनिटांच्या आत!

एक जण माइक काढून म्हणाला, "मॅडम, कोण मरतंय ते मेल्यावरच कळतंय." डस्टर म्हणाले, सवय होईल. मला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही, पण मीही तेच म्हणाले — सवय होईल.

१० मार्च, मंगळवार

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायलाच हवं.

चौथा गट आला. सात जणांचा. सहा जण ऑफिसात, सातवा त्याच्या घरून जोडलेला. गटाची हीलर — म्हणजे मागे उभी राहून बाकीच्यांच्या जखमा भरणारी — साठी उलटलेली बाई! सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, चष्म्याला दोरी. बाकीची पोरं तिला "सिस्टर" म्हणतात. आमच्या रिसेप्शनवाल्यानं तिला कोणाची तरी आई समजून बाहेर बसवलं होतं.

कोरा पडदा. घोरपड सुटली. मी मागे उभी, हातात घड्याळ.

चार मिनिटं झाली. सगळे जिवंत. आठ झाली. सिस्टर पडद्याकडे बघत होत्या, पण डोळे कुठे थांबत नव्हते. ओठ हलत होते. एका पोराच्या पायात विष गेलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्याची जखम भरली, तिसऱ्याचं हाड जोडलं आणि मग, अगदी शेवटच्या क्षणाला, विष उतरवलं. उशीर झाला म्हणून नाही, मुद्दाम! सगळ्यांत पुढे तो सातवा, घरून खेळणारा. त्याचं खेळातलं नाव "ढाल". घोरपडीसमोर पाय रोवून सगळा मार अंगावर घेत होता. तो कधी वाकला, कधी गुडघ्यावर आला, पण हलला नाही.

एकोणीस मिनिटं. घोरपड आडवी. एकही माणूस गेला नाही.

डस्टर तर नाचायचेच बाकी होते. "बघितलंस? जमतं! डोळे असले की जमतं!"

मग मी पँट्रीत गेले. सिस्टर एकट्याच बसल्या होत्या. कागदी कप दोन्ही हातांनी धरलेला, तरी चहा हिंदकळत होता. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला दिसतं तरी कसं सगळं?"

"दिसत नाही गं. मोजते."

"काय मोजता?"

"विष बारा सेकंद. भाजलेलं नऊ. हाड वीस. कोणाला कधी लागलं तिथून मोजायचं. सात जणांचं वेगवेगळं." चहा खाली ठेवला. "एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात होते. पोट शिवायच्या आधी आत गेलेले बोळे मोजून बाहेर आले की नाही बघायचं. डॉक्टर गप्पा मारायचे, मी मोजायचे. एकदाही चुकले नाही."

"मग आमचा कोरा पडदा —"

"सुंदर आहे हो! डोळ्यांचं पारणं फिटलं. पण बाळा, तुम्ही पाटी पुसलीत. गणित कुठे सुटलं? ते मी डोक्यात घेतलं, एवढंच."

सात माणसांचे सात काटे, एकोणीस मिनिटं, एका डोक्यात! आणि वर आम्ही म्हणतो, सवय होईल.

उठताना त्या म्हणाल्या, "पट्ट्या परत आणा. सगळ्यांच्या नको. एकाची आणलीत तरी चालेल. तो ढाल आहे ना — आमचे हे आहेत ते."

११ मार्च, बुधवार

डस्टरना सांगितलं. "एका बाईसाठी खिडकीवर पुन्हा पोस्टर?" मी म्हटलं, सर, तुम्ही बसा. हीलर म्हणून बसा.

बसले. दोन मिनिटं दहा सेकंद! पाच मुडदे. डस्टर खुर्चीवरून उठून मुकाट्यानं आपल्या केबिनमध्ये गेले. मागून लांब्या म्हणाला — लांब्या म्हणजे आमचा प्रोग्रॅमर, दाराला डोकं लागतं त्याचं — "सवय होईल, सर." केबिनचं दार बंद व्हायच्या आत.

१४ मार्च, शनिवार

सिस्टरांच्या घरी गेले. त्यांनीच बोलावलं होतं. दुसरा मजला, लिफ्टपासून दारापर्यंत चाकांच्या खुर्चीसाठी लाकडी उतरण केलेली.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, पलंगावर. डोकं उशांनी वर केलेलं. बांधकामावर क्रेन चालवायचे. सात वर्षांपूर्वी शिडीवरून पडले, मानेखालचं सगळं लुळं पडलं. उजवा अंगठा तेवढा राहिला. अंगठ्याखाली एक दांडी, हनुवटीखाली दुसरी. समोर पडदा. बस — ह्यावर तो ढाल उभा असतो! परवा घोरपडीसमोर जो पाय रोवून उभा होता तो हा माणूस.

त्यांचं बोलणं श्वासाश्वासाला तुटतं. म्हणाले, "ढालीचं काम सोपं असतं. फक्त — उभं राहायचं." आणि स्वतःच हसले. हसताना यंत्र टिंग टिंग करायला लागलं. सिस्टर मागे न बघता म्हणाल्या, "पुरे हसणं, ऑक्सिजन शहाण्णववर येऊ द्या."

पलंगाशेजारी दोन यंत्रं. भिंतीवर तक्ता: नाडी, ताप, रक्तदाब, किती प्यायले, किती लघवी झाली. दिवसातून सहा वेळा. अक्षर सिस्टरांचं, एकसारखं टपोरं.

मी म्हटलं, काका, तुमच्या डोक्यावरची पट्टी आम्ही परत आणायचं बघतोय. मला वाटलं खूश होतील.

"नको."

सिस्टरना हे आधीच माहीत असावं.

"सकाळपासून — माझ्यावर आकडेच आहेत. जो येतो तो — आधी यंत्राकडे बघतो. मग माझ्याकडे. परवा पहिल्यांदा — कोणाला माहीत नव्हतं — मी किती उरलोय ते. काय मजा आली — सांगू!"

सिस्टर एकदम फिरल्या. "आणि मला? मजा? तुम्ही गुडघ्यावर आलात तेव्हा इथे — " छातीवर हात ठेवला. "घरात यंत्र आहे म्हणून मी झोपते तरी. तिथे पट्टी होती म्हणून खेळत होते. घोरपडीपुढे उभे राहता आणि मी काय, अंदाजानं जगवू?"

"जगवलंस की."

"मोजून जगवलं! अंदाजानं नाही!"

मग माझ्यासमोर भांडलो हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. सिस्टरनी त्यांची उशी उगाचच सारखी केली. काका म्हणाले, "हिला चहा दे."

येताना दोन बस सोडल्या. तशीच थांब्यावर उभी. कोण बरोबर? दोघंही! इतकी वर्षं मी पट्टी म्हणजे जागा अडवणारी वस्तू समजत होते. तिच्या एका बाजूला एक माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, हे डोक्यातच आलं नव्हतं.

१६ मार्च, सोमवार

सुचलं! अंघोळ करताना. साबण डोळ्यात गेला तरी बाहेर येऊन आधी लिहिलं: पट्टी कायम दिसायची नाही. विचारलं तरच दिसायची. एक बटण. ज्याच्याकडे बघून दाबाल त्याची पट्टी, विष, सेकंद, सगळं तीन सेकंद दिसेल आणि जाईल. आणि कोणाला दाखवायचं ते ज्याचं त्यानं आधीच ठरवायचं.

१७ मार्च, मंगळवार

डस्टरशी दीड तास. "बटण म्हटलं की पडद्यावर बटणाचं चित्र. चित्र म्हटलं की पसारा." मी काकांचं सांगितलं. तक्त्याचं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, गेलं पाण्यात.

मग एकदम म्हणाले, "चित्र नकोच. विचारणाऱ्यानं नुसता खांद्यावर हात ठेवायचा. आपण घरात काय करतो? चिठ्ठी चिकटवतो का कपाळावर? हात ठेवतो."

ह्या माणसाला मी चार वर्षं डस्टर म्हणतेय! आज पहिल्यांदा वाटलं, पुसून पुसून ह्याला खाली काहीतरी सापडलंय.

लांब्या म्हणाला, हात लांबून कसा पोचेल, सर? मधे घोरपड असते. डस्टर म्हणाले, "ते तुझं काम. तुझे हात लांब आहेत."

२ एप्रिल, गुरुवार

झालं. हात लांबून पोचतो. हवेतून येतो, धुरासारखा, आणि खांद्यावर टेकतो. ज्याला विचारलं त्याची मान किंचित वळते. पट्टी उजळते, विझते.

साधी गोष्ट! पण चाचणीच्या खोलीत पहिल्यांदा ती मान वळली तेव्हा लांब्यासुद्धा खाली वाकून बघत होता.

७ एप्रिल, मंगळवार

सिस्टर आणि त्यांचा गट पुन्हा आला. काका घरून. घोरपड सतरा मिनिटांत आडवी. सिस्टरांचे ओठ हलत नव्हते! नंतर पँट्रीत गेल्या, चहा प्यायल्या, एका हातानं.

मी काकांना फोन लावला. विचारलं, पट्टी कोणाला दाखवायची ठरवलीत?

"तिला. — बाकी कोणाला नाही."

"आणि कसं वाटलं?"

"यंत्र विचारत नाही ना — घेतं. ती — विचारते."

२४ एप्रिल, शुक्रवार

आज सगळ्यांसाठी खुलं केलं. सकाळी शिव्या, दुपारी थोड्या कमी शिव्या. एक जण लिहितो, माझ्या एकेचाळीस वस्तू परत द्या. त्याला सेटिंगमध्ये सोय ठेवलीय, सापडेल. डस्टरनी पेढे — नाही, डस्टर पेढे वाटणाऱ्यातले नाहीत. माझं टेबल स्वतः पुसून दिलं!

१५ मे, शुक्रवार

कोणी कोणाला किती वेळा विचारलं, त्याच्या तीन आठवड्यांच्या नोंदी आल्या. सिस्टर आणि काकांनी दोघांनीही बघायची परवानगी दिली होती, म्हणून त्यांच्या वेगळ्या काढल्या.

सिस्टरनी काकांना विचारलं — दोनशे अठरा वेळा. सगळं लढाईत.

काकांनी सिस्टरांना विचारलं, म्हणजे त्यांच्या खांद्यावर हात ठेवला — सहाशे चार वेळा. ह्यातलं लढाईतलं एकही नाही. लढाई संपल्यावर, गावात, विहिरीजवळ, जिथे कोणाला काही लागूच शकत नाही आणि पट्टी भरलेलीच असते, तिथे. आणि प्रत्येक वेळी त्यांनी तीनही सेकंद पूर्ण बघितलंय.